रामजोशींच्या गावात

सोलापूर म्हटले की आपल्याला आधी चादर आठवते. मग शेंगाची चटणी, कडक भाकरी आणि मार्च महिन्यातच अंगाची लाही करणारे ऊन. मुंबई-पुण्याच्या घरांत सोलापूरला जाऊन आलेला पाहुणा परत येताना एक गाठोडे घेऊन येतो. त्यात एक चादर, दोन टॉवेल आणि चटणीचे पुडके असते, आणि सोलापूरची चौकशी तिथेच संपते. आम्ही निघालो तेव्हा शेजारच्या वहिनींनी सुद्धा रंग सांगूनच चादर आणायला सांगितली होती.

मी मात्र निघालो होतो तो एका नाच बसवणाऱ्या माणसाच्या मागावर. मुंबई-पुण्याकडे अशा माणसाला हल्ली नृत्यदिग्दर्शक म्हणतात. बॅले असला की त्याचे नाव जाहिरातीत येते, पडदा पडल्यावर त्याला रंगमंचावर बोलावतात, गळ्यात हार घालतात. तमाशाच्या फडात हा शब्दच नव्हता. तिथे शाहीर असे. कवन तोच रची, चाल तोच लावी, सुरत्ये आणि झीलकरी तोच तयार करी, नाच्याने कुठे थांबावे आणि कुठे गिरकी घ्यावी हेही तोच सांगे. असा एक मोठा शाहीर सोलापूरने दिला. रामजोशी. त्यांची कवने आपण शाळेत, निदान मराठीचे मास्तर हौशी असतील तर, ऐकलेली असतात. पण ती कवने पायांनी म्हणायची होती, हे शाळेत कोणी सांगत नाही.

सिद्धेश्वर एक्सप्रेस भल्या सकाळी सोलापुरात पोचवते. स्टेशनाबाहेर आलो तर रिक्षावाला एका गिऱ्हाइकाशी तेलुगूत बोलत होता, पलीकडच्या चहावाल्याला कानडीत काहीतरी ओरडून सांगत होता आणि आमच्याकडे वळून सोलापुरी मराठीत म्हणाला, "कुठं जायचंय साहेब, बसा की." तेवढ्यात मागून त्याचा एक दोस्त आला, त्याच्याशी हिंदुस्थानी सुरू झाली. पाच मिनिटांत चार भाषा! आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "हा माणूस परीक्षेला बसला असता तर कुठल्या भाषेत बसला असता?" मला वाटते, त्याला तो प्रश्नच पडला नसता. गिरण्यांच्या आणि हातमागांच्या काळात तेलंगणातून पद्मशाली विणकर इथे आले आणि इथलेच झाले. कानडी तर इथे त्यांच्याही आधीपासूनची. ज्या सिद्धरामेश्वरांना सोलापूर आपले ग्रामदैवत मानते त्यांची बाराव्या शतकातली वचने कानडी आहेत. गिरण्यांची धुराडी आता थंड आहेत, १८७७ साली सुरू झालेली जुनी गिरणी कधीच बंद पडली. पण भाषांची ही सरमिसळ तशीच चालू आहे.

तळ्याच्या मधोमध सिद्धेश्वराचे देऊळ, काठावर बहामनी काळातला भुईकोट किल्ला. किल्ल्याच्या तटावरून पाण्यातले देऊळ पाहावे, आणि शक्य तर संक्रांतीच्या दिवसांत पाहावे. त्या वेळी गड्ड्याची यात्रा भरते. सात नंदीध्वज निघतात. एकेक ध्वज म्हणजे दोन-तीन मजली उंचीची काठी. पांढरी बाराबंदी घातलेला माणूस ती कमरेच्या आधाराने तोलत शहरभर चालतो. सिद्धरामांवर एका कुंभारकन्येचे मन जडले, तेव्हा त्यांनी तिला आपल्या योगदंडाशी विवाह करायला सांगितले, त्या विवाहाचा हा सोहळा. हजारो माणसे अक्षता टाकतात. काठी तोलणाऱ्याच्या पावलांकडे पाहत राहावे: दोन पुढे, एक जागेवर, मान वर, नजर टोकावर. हे त्याला कोणी शिकवले, असे विचारले तर तो बापाचे नाव सांगेल. बापाला विचारले असते तर त्याने आज्याचे सांगितले असते.

या गावात १७६०च्या आसपास राम जगन्नाथ जोशी जन्मला. घर जोशीपणाचे, वेदशास्त्राचे. थोरले बंधू मुद्गल विद्वान, पुराण सांगणारे, गावात मान असलेले. धाकट्याला मात्र पोथीपेक्षा डफ प्रिय. गावात धोंडी नावाच्या शाहिराचा तमाशा होता. राम तिथे जाऊन बसे. आधी ऐकायला, मग झील धरायला, मग कवने करून द्यायला. ब्राह्मणाचा मुलगा तमाशात! मुद्गलांनी समजावले, रागावले, आणि शेवटी घराबाहेर काढले.

इथून पुढची कथा गमतीची आहे. घराबाहेर काढलेला मुलगा तमाशातच जाईल असे आपल्याला वाटते. हा गेला पंढरपूरला, आणि बाबा पाध्ये यांच्यासारख्या नामांकित शास्त्र्यांच्या पायाशी बसून संस्कृत शिकला. नुसते कामापुरते नव्हे. पुढे त्यांनी 'मदालसाचंपू' हे काव्य संस्कृतात रचले, यावरून काय ती तयारी कळावी. विद्या घेऊन सोलापूरला परतले, पुराण-कीर्तन करू लागले, बंधूंना समाधान वाटले. आणि मग पुन्हा डफ हाती घेतला! या वेळी पोरपणाने नव्हे; पुरता पंडित होऊन, आपला फड उभा करून.

हे दुसरे जाणे मला पहिल्यापेक्षा मोठे वाटते. पहिले वयाचे होते. दुसऱ्या वेळी काय गमवायचे आहे हे त्यांना नीट ठाऊक होते.

फड म्हणजे काय, हे ज्यांनी तमाशा फक्त सिनेमात पाहिला त्यांच्यासाठी सांगतो. त्या काळी फडावर बाई नसे. मुलगा लुगडे नेसून नाचे, त्याला नाच्या म्हणत. पुढे शाहीर डफ घेऊन, मागे तुणतुणे, झांज, आणि ओळ उचलून धरणारे झीलकरी. बायका लावणी गात, पण त्या बैठकीत, कलावंतिणींच्या माडीवर किंवा सरदारांच्या वाड्यात. तमाशाच्या बोर्डावर बाईने उभे राहून नाव कमावले ते खूप उशिरा, पठ्ठे बापूराव आणि पवळाबाई हिवरगावकर यांच्या जमान्यात. रामजोशींच्या भोवती बया नावाच्या गाणारणीची कथा गुंफलेली आहे. ती किती खरी आणि किती रसिकांनी रंगवलेली याचा वाद विद्वानांनी घालावा. लोकांना मात्र तिच्याशिवाय रामजोशी पुरा वाटत नाही.

आता त्यांच्या कवनांकडे जरा पायांच्या बाजूने पाहा. रामजोशींच्या लावणीत यमक ओळीच्या शेवटी स्वस्थ बसत नाही. ते ओळीच्या पोटात तीनदा, चारदा येते. ट, ठ, ड, ढ असे टणक वर्ण एकामागोमाग पडतात, जसे ढोलकीच्या शाईवर बोट पडावे. मोठ्याने म्हणून पाहिले की आपला पाय आपोआप जमिनीवर वाजू लागतो. भरतनाट्यमच्या किंवा कथकच्या मास्तरांना बोल वेगळे लिहून ठेवावे लागतात. रामजोशींनी बोल शब्दांतच घातले. नाचणाराला वेगळे काही सांगायला नको. कवन पाठ झाले की पाय पाठ झाले. माझ्या मते त्यांची खरी कारागिरी ही. पंडितांनी त्यांच्या अनुप्रासाला शब्दांची आतषबाजी म्हटले, आणि कागदावर ती तशी वाटतेही. पण आतषबाजी ताटात मांडून पाहायची नसते, बरे का!

दुसरी त्यांची करामत छेकापह्नुतीची. नाव जड आहे, गोष्ट सोपी आहे. एक सखी दुसरीला रात्रीची हकीकत सांगते. वर्णन असे की ऐकणाऱ्याने एकच अर्थ घ्यावा. दुसरी डोळे मोठे करून विचारते, कोण गं, तुझा प्रियकर का? आणि पहिली साळसूदपणे भलतेच उत्तर देते. प्रत्येक कडव्यात तीच गंमत, दर वेळी नवी. वाचायला हा कोड्यांचा खेळ. नाचायला मात्र मोठी परीक्षा, कारण एकाच चेहऱ्याने आधी लाज दाखवायची, मग चोरी, मग कानांवर हात ठेवून "छे बाई!" म्हणायचे, आणि प्रेक्षकाला शेवटपर्यंत कळू द्यायचे नाही की कोणते खरे. नट तयार करण्याची शाळाच म्हणा ना.

आणि त्या चार भाषा! रामजोशींनी मराठीत संस्कृत मिसळून लावण्या केल्या, संस्कृतातच लावण्या केल्या आणि कानडी-हिंदुस्थानीचीही सरमिसळ केली. पुण्याच्या पंडिताला हे चमत्काराचे वाटले असेल. आमच्या रिक्षावाल्याला वाटले नसते.

फड गाजला. पुण्याच्या पेशवाईत त्यांची वाहवा झाली. पैसा आला आणि गेला. जपून ठेवणाऱ्यांपैकी ते नव्हते. याच भरात बारामतीच्या मोरोपंतांची आणि त्यांची भेट झाली, असे सांगतात. मोरोपंत म्हणजे आर्यांचा सम्राट, वृत्तीने अत्यंत सात्त्विक. त्यांनी रामजोशींचे कवन ऐकले आणि ही वाणी तमाशात का झिजवता, कीर्तनाला लावा, असे सुचवले. रामजोशींनी डफ फोडला आणि कीर्तन हाती घेतले. पुढे मोरोपंतांच्या आर्या घरोघर पोचल्या त्या बऱ्याच अंशी या कीर्तनकारामुळे. वाङ्मयाच्या इतिहासात ही घटना मोठ्या आनंदाने सांगतात. १८१२-१३च्या सुमारास पुण्यात त्यांचा अंत झाला. पाच-सहा वर्षांनी, मे १८१८ मध्ये, मन्रोच्या इंग्रजी फौजेने सोलापूरचा किल्ला घेतला आणि ज्या दरबारांनी शाहीर पोसले तेच उरले नाहीत.

याच काळात संगमनेरला अनंत फंदी होते. त्यांचीही गोष्ट अशीच. अहिल्याबाई होळकरांनी त्यांना समजावले आणि त्यांनी तमाशा सोडून कीर्तन धरले. दोन मोठे ब्राह्मण शाहीर, दोघांनाही एकेक थोर व्यक्ती भेटते, दोघेही डफ ठेवून वीणेकडे वळतात. या गोष्टी मी लहानपणापासून ऐकल्या आणि दर वेळी मला बरे वाटे. सोलापुरात तळ्याच्या काठी बसून विचार करताना पहिल्यांदाच एक शंका आली. रामजोशींनी डफ फोडला, ते घरी परतले, पुन्हा मान मिळाला. पण त्या दिवशी त्यांच्या फडातला नाच्या कुठे गेला? ज्याला त्यांनी लुगडे नेसवून, पावलागणिक घडवून उभे केले होते, त्याला कोणी मोरोपंत भेटले का? झीलकऱ्याला कीर्तनात कोण उभे करणार? परतीची वाट ज्याला जन्माने मिळालेली होती तो परतला. बाकीचे होते तिथेच राहिले, आणि रामजोशींची लावणी त्यांच्याबरोबर राहिली. ती टिकली याचे कारण हेच.

नेमके याच वर्षांत, इथून दूर तंजावरला, दुसरा एक मराठी माणूस नाचाची रचना करवून घेत होता, आणि त्याच्या नाचाचे नशीब पार निराळे निघाले. तंजावरचे सरफोजी राजे भोसले, राज्यकाल १७९८ ते १८३२. त्यांच्या मराठी नृत्यरचना दरबारात लिहून ठेवल्या गेल्या आणि हस्तलिखिते सरस्वती महालात जपली गेली. कागद राहिला, पाय मात्र थांबले. मग विसाव्या शतकात मुंबईचे पार्वतीकुमार, बॅले बसवणारे आणि भरतनाट्यमचे गुरू, यांनी त्या मराठी रचना वर्षानुवर्षे अभ्यासून पुन्हा रंगमंचावर उभ्या केल्या. 'तंजावर नृत्यप्रबंध' हा त्यांचा ग्रंथ त्या खटाटोपाची साक्ष आहे. सुचेता भिडे-चापेकर त्यांच्याच शिष्या. एका राजाचा नाच कागदावर झोपला होता, त्याला एका गुरूने उठवले. सोलापूरच्या शाहिराचा नाच कागदावर कधी गेलाच नाही. छापली गेली ती फक्त कवने.

१९४७ साली 'लोकशाहीर रामजोशी' हा बोलपट आला. राजकमलची निर्मिती, बाबूराव पेंटर आणि शांताराम यांचे दिग्दर्शन, गदिमांची कथा-गाणी, वसंत देसाईंचे संगीत. जयराम शिलेदार रामजोशी आणि हंसा वाडकर बया. आमच्या वडील मंडळींनी तो किती वेळा पाहिला याची गणती नाही! ज्या घरांत तमाशाचे नाव काढायची चोरी होती त्या घरांतल्या बायका थेटरात जाऊन लावणी ऐकून आल्या. पुढे मराठी सिनेमात तमाशापटांची रांगच लागली. तिकिटाच्या खिडकीने तमाशाला जी प्रतिष्ठा दिली ती पडद्यावरच्या तमाशाला दिली, हे मात्र खरे. फडातल्या बाईला गावात खोली भाड्याने मिळेना, ती मिळेनाच.

सोलापूरहून पंढरपूर सत्तरएक किलोमीटर. रामजोशी हेच अंतर घराबाहेर काढल्यावर तोडून गेले असतील, बहुधा पायी. आम्ही एस.टी.ने गेलो. विठोबाचे दर्शन झाले, रुक्मिणीचे झाले. रुक्मिणीच्या पूजेचा परंपरागत मान उत्पात मंडळींचा. २०१४ साली न्यायालयाच्या निकालाने बडवे-उत्पातांचे ते हक्क संपले. पण या उत्पातांचा आणखी एक ठेवा आहे, तो कोणी काढून घेऊ शकत नाही. देवीच्या पुजाऱ्यांच्या या घराण्यांनी बैठकीची लावणी जपली. ज्ञानोबा उत्पात यांचे नाव लावणीच्या जाणकारांत गुरू म्हणून आदराने घेतात. दिवसा पूजा आणि रात्री लावणी, यात त्यांना विसंगती वाटली नाही. मला वाटते, तरुण रामजोशींनी पंढरपुरात नुसते व्याकरण शिकले नसावे. या गावच्या हवेतच दोन्ही आहे.

बैठकीच्या लावणीत नाचणारी उठतच नाही. मांडी घालून बसते, आणि एकच ओळ दहा वेळा म्हणते. दर वेळी अदा वेगळी. एकदा नुसती भुवई, एकदा पदराचे टोक, एकदा हाताचा पंजा अर्धवट उघडलेला. ओळ तीच आणि अर्थ दहा. ज्याला शब्द फारसे कळत नाहीत तोही खिळून राहतो. उभ्या लावणीला ढोलकी पुढे ढकलते. बैठकीत गाणारणीला स्वतःच्या चेहऱ्यावर भार घ्यावा लागतो.

याच पंढरपुरात १९३५ साली विठाबाई नारायणगावकर जन्मल्या. भाऊ-बापू मांग नारायणगावकरांच्या फडातली लेक. बिऱ्हाड फडाबरोबर फिरते, म्हणून जन्म पंढरपूरचा आणि नाव नारायणगावचे. भर तमाशात पोटात कळा सुरू झाल्या, कनातीमागे बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही हकीकत महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. लोक ती कौतुकाने सांगतात. मला ती ऐकताना अंगावर काटा येतो तो कौतुकाचा नव्हे. प्रेक्षक थांबायला तयार नव्हते, एवढाच तिचा अर्थ. १९५७ आणि १९९० साली त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव मिळाला. २००२ साली त्या गेल्या तेव्हा हालाखीत होत्या. आता तमाशातल्या जन्मभराच्या सेवेसाठी राज्य सरकार जो पुरस्कार देते तो त्यांच्या नावाचा आहे. त्यांची मुलगी मंगला बनसोडे यांनी आईचाच बोर्ड पुढे चालवला. तिथेही शिकवणी कुठली? मूल कनातीत झोपते, ढोलकीने जागे होते, आणि पाच-सहा वर्षांचे झाले की त्याला सारा वग पाठ असतो.

पंढरपूरहून अकलूज. साखर कारखान्याचे, सधन, रुंद रस्त्यांचे गाव. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात इथे लावणीच्या स्पर्धा सुरू झाल्या आणि एक नवल घडले: कुटुंबेच्या कुटुंबे, सासवा-सुना, लेकीबाळी लावणी पाहायला समोर येऊन बसल्या. दौलतजादा नाही, शिट्ट्या नाहीत, परीक्षक समोर. संगीत बारीतल्या पोरींना पहिल्यांदा असा प्रेक्षक मिळाला, जो पदन्यासाला टाळी देतो. काही जुन्या कलावंतिणींची गाणी इथे पुन्हा ऐकू आली. स्पर्धेने लावणी जराशी शिस्तीची, जराशी एकसारखीही झाली असे जाणकार म्हणतात, आणि त्यात तथ्य असेल. पण मला विचाराल तर शिट्टीपेक्षा गुणपत्रिका बरी.

अकलूजहून टेंभुर्णी, आणि टेंभुर्णीहून सोलापूरच्या हमरस्त्यावर मोडनिंब. मोटारीने जाणारी मंडळी इथे चहाला थांबतात आणि कला केंद्रांच्या पाट्या दिसल्या की मुलांना दुसरीकडे बघायला लावतात. आमच्या सौ.नी बॅग उचलली आणि म्हणाल्या, "चला, आलोच आहोत तर." मी जरा बिचकलो होतो, त्या नव्हत्या.

मोडनिंबला जाण्याआधी एक पुस्तक वाचून जावे. 'कोल्हाट्याचं पोर', १९९४ साली आलेले. लेखक डॉ. किशोर शांताबाई काळे, याच सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यातल्या नेर्ले गावचे. आई लावणी नाचणारी, बापाचे नाव नाही, म्हणून मधे आईचे नाव. शाळेची गोडी असलेल्या आईला घरच्यांनी नाचाला लावले. तिच्या कमाईवर घरातले पुरुष बसून खाल्ले. मुलाने उपाशी-तापाशी शिकून मुंबईला ग्रँट मेडिकलमधून डॉक्टरकी मिळवली. मुलीने एकदा पायात चाळ बांधले की तिच्या लग्नाचा विषय घरात बंद होतो, कारण लग्न झाले तर कमाई जाते, हा हिशेब त्यांनी कुठेही आवाज न चढवता लिहिला आहे. २००७ साली, चाळिशीही न गाठता, ते अपघातात गेले. पुस्तक आपल्या कपाटात ठेवायला थोडे जड जाते. ठेवावे.

आम्ही पोचलो ती वेळ दुपारची, बाऱ्या रात्रीच्या. पत्र्याच्या शेडमध्ये पेटीमास्तर भात्याला चिकटपट्टी लावत होते. दोन मुली आरशासमोर वेण्या घालत होत्या आणि तिसरी मोबाईलवर कुठल्याशा परीक्षेचे व्हिडिओ पाहत होती. पार्टीच्या मालकीणबाई पन्नाशीच्या, कपाळावर ठसठशीत कुंकू. नाव लिहू नका म्हणाल्या, म्हणून लिहीत नाही. सौ.ना हाताला धरून चटईवर बसवले, चहा मागवला. मी वहीवर पेन्सिल टेकवून विचारले, "नाच तुम्हाला कोणी शिकवला?"

"शिकवतंय कोण, दादा? बघून येतंय. आई पुढं, आम्ही मागं. ती नाचायची, आम्ही तिच्या टाचा बघायचो."

"आणि चुकलं तर?"

"चुकलं तर ढोलकी थांबायची. सगळी वळून बघायची. पुन्यांदा नाय चुकत माणूस."

आधी टाळी हातात बसली पाहिजे, मग टाच, मग कंबर. चेहरा सगळ्यात शेवटी, आणि तो काही जणींना जन्मात येत नाही, असे त्यांनी सांगितले. हल्ली गिऱ्हाईक सिनेमातलीच गाणी मागते, जुनी लावणी मागणारा महिन्यातून एखादा. धाकटी मुलगी नर्सिंगला घातली आहे. "तिच्या पायात चाळ न्हाई बांधलं," एवढे म्हणून त्यांनी कपबश्या उचलल्या.

मी रामजोशींचे नाव घेतले. त्यांनी पेटीमास्तरांकडे पाहिले, मास्तरांनी मान हलवली. मग मी भीत भीत एका लावणीची सुरुवात गुणगुणली; माझा सूर काय असायचा तो होताच. आरशासमोरच्या दोघी हसू लागल्या. मालकीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी ओळ तिथून उचलली, पुढचे कडवे म्हटले, त्याच्या पुढचेही म्हटले. शब्द कुठे कुठे झिजले होते, एका ठिकाणी संस्कृताचे भलतेच काही झाले होते, पण यमकाचा प्रत्येक ठोका जागच्या जागी होता आणि प्रत्येक ठोक्याला चटईवर त्यांची टाच पडत होती. ढोलकीवाला आतून तोंड पुसत आला आणि उभ्या उभ्याच बोटे चालवू लागला.

"ही कुणाची माहीत आहे?" मी विचारले.

"म्हंजे काय," त्या म्हणाल्या, "आमच्या आईची हाय."